बडे बाबूंचा गाळलेला परिच्छेद

बडे बाबूंना मूलबाळ नव्हतं. लग्नच केलं नव्हतं, तर मूलबाळ कुठून असणार? त्यामुळे त्यांनी 'आजची बालसंस्कृती' या विषयावर लेख लिहायला घेतला, तेव्हा आमच्या मराठी मंडळातल्या झाडून सगळ्या लेकुरवाळ्यांना हसू फुटलं. "ज्याच्या घरी पाळणा नाही हलला, तो पोट्ट्यायवर लिहून राहिला," असं एक बाई माझ्या तोंडावर म्हणाल्या. मी त्यांना तेव्हाच सांगितलं आणि आजही सांगते, रायपुरातल्या समस्त मराठी आईबापांना ओळीनं उभं केलं तरी मुलांविषयी बोलायचा अधिकार त्या एका ब्रह्मचाऱ्याचाच निघेल. बाकीच्यांना मुलं होती, एवढंच.

ते आमच्या खात्यात हेडक्लार्क होते. आमच्याकडे हेडक्लार्कला बडे बाबू म्हणतात, आणि हे नाव त्यांना इतकं चिकटलं की त्यांचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं. आईवडील मूळचे अमरावतीकडचे. यांचा जन्म मात्र इथलाच, तात्यापाऱ्यातला. मोहल्ल्याला इकडे पारा म्हणतात. आमचं घर त्यांच्यापासून दोन गल्ल्यांवर. घरात मी, दादा, वहिनी आणि त्यांची एकुलती एक मुलगी. भाचीला मी 'आत्या' म्हणायला शिकवलं, ती 'बुआ' म्हणते. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत येतं. तो विषय काढला तर माझं डोकं फिरतं, म्हणून इथे सोडून देते.

बडे बाबूंची पहिली तऱ्हा म्हणजे ते लहान मुलांना अहो-जाहो करायचे. अगदी बालवाडीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा "अहो, तुमी जरा बाजूले सरकता काय?" असं विचारायचे. तो पोरगा आधी मागे वळून बघायचा, आपल्यामागे कोणी मोठा माणूस उभा आहे की काय म्हणून. मी एकदा विचारलं, हे काय? तर म्हणाले, "मोठ्या माणसाले मान द्याले अख्खं सरकार बसलं आहे. यायले कोण देते?"

दुसरी तऱ्हा त्यांना महागात पडली. ब्राह्मणपाऱ्यात आमच्या लेखाधिकाऱ्यांनी जुनं घर दुरुस्त करून वर मजला चढवला, म्हणून आम्हा ऑफिसच्या लोकांना चहाला बोलावलं होतं. चिवडा झाला, चहा झाला, आणि साहेबांनी आतून आपल्या मुलाला ओढत आणलं. "बेटा, अंकल को वो पोएम सुनाओ. सुनाओ ना. शरमाता है. घर में तो दिन भर बोलता है." मुलगा सोफ्याच्या हाताला धरून उभा, मान खाली. हे दृश्य तुम्ही-आम्ही सगळ्यांनी शंभरदा पाहिलं आहे आणि शंभरदा खोटं खोटं हसलो आहोत. बडे बाबूंनी कप खाली ठेवला.

"साहेब, आधी तुमी म्हणा."

"मैं?"

"हव. यजमान तुमी. उभे राहा, हात मागं घ्या आन् जोरात म्हणा. तुमी शाळेत शिकले असान ना एखादी?"

साहेब हसले. बडे बाबू हसले नाहीत. ते हात मांडीवर ठेवून, मान किंचित कलती करून, खरोखर कविता ऐकायच्या तयारीनं बसले होते. बाईसाहेबांना पदर तोंडाला लावून आत पळावं लागलं. साहेबांचा चेहरा आधी गुलाबी आणि मग काळा झाला. त्या मुलानं मात्र मान वर केली होती आणि तो मोठ्या आशेनं बापाकडे बघत होता. त्या घरी आम्हाला पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. बडे बाबूंनी हा प्रसंग लेखात घातला, आणि वर लिहिलं, 'आपल्याकडे पाहुणा आला की चिवड्याबरोबर मूलही पुढे करतात. चिवड्याला निदान कोणी बोल म्हणत नाही.'

लेख मंडळाच्या दिवाळी अंकासाठी होता. अंकात बाकी सगळे कविता देतात. गद्य द्यायला कोणी तयार होत नाही, म्हणून अध्यक्षांनी यांना धरलं. मंत्रालय नव्या रायपुरात गेल्यापासून आमचा जाण्यायेण्याचा वेळ स्टाफ बसमध्ये जायचा, आणि तो लेख तिथेच तयार झाला. जुन्या नस्त्यांच्या कोऱ्या पाठींवर ते लिहायचे. उभा जन्म शेरे मारण्यात गेलेला, त्यामुळे लेखही तसाच. परिच्छेदांना क्रमांक, आणि प्रत्येकाच्या शेवटी 'अवलोकनार्थ प्रस्तुत'. एक परिच्छेद झाला की उभे राहून बसभर वाचून दाखवायचे. खाली मान घालून झोपेचं सोंग घेणाऱ्यांनाही सोडायचे नाहीत.

त्यात काय नव्हतं! वाढदिवसाला भाड्यानं आणलेला माईकवाला होता, जो मुलांना 'अब सब चिल्लाओ' म्हणाला की मुलं ओरडायची आणि 'बस' म्हणाला की थांबायची. टीव्हीवर नट्यांची गाणी डोळे मिचकावत नाचणारी सहा वर्षांची पोर होती, आणि ते पाहून डोळे पुसणारे परीक्षक होते. नव्या रायपुरातल्या एका बागेत घसरगुंडीभोवती हिरवळ आणि हिरवळीवर 'घास पर चलना मना है' अशी पाटी होती. घसरगुंडीपर्यंत मुलांनी उडत जायचं की काय, असं त्यांनी रीतसर विचारलं होतं. आणि मग तो परिच्छेद, जो मला जवळजवळ पाठ आहे. 'मुलांची संस्कृती म्हणजे मोठी माणसं नसताना मुलं जे करतात ते. आता मोठी माणसं नसतात असं कधीच होत नाही. ती मोबाइल घेऊन समोर उभी असतात. अवलोकनार्थ प्रस्तुत.'

"बडे बाबू, पण जमाना बदलला ना," मागून कोणीतरी म्हणायचं.

"जमाना नाही बदलला. तुमी बदलून राहिले आन् पोट्ट्यायच्या नावानं पावती फाडून राहिले." मग बस गतिरोधकावरून उडायची आणि ते मटकन खाली बसायचे.

हे नुसतं बोलणं असतं तर मी त्यांना तऱ्हेवाईक म्हणून सोडून दिलं असतं. पण त्यांच्या ओट्यावर भुलाबाई बसायची. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत मुली मातीची भुलाबाई मांडतात, संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, आणि शेवटी त्या घरची खिरापत ओळखतात. झाकलेला डबा कानाशी धरून हलवायचा, वास घ्यायचा, गोड की तिखट विचारायचं, आणि ओळखेपर्यंत डबा उघडायचा नाही. बडे बाबूंच्या बहिणीनं ही भुलाबाई पाऱ्यातल्या मुलींसाठी चालवली. ती गेल्यावर मुलींनीच येऊन विचारलं, आता कुठे बसवायची? हे म्हणाले, इथंच बसवा, मी आत राहतो.

आणि ते खरोखर आत राहायचे. दार लावून. कोणत्याही मोठ्या माणसानं ओट्यावर यायचं नाही, हा त्यांचा कायदा. मलाही रस्त्याच्या पलीकडे उभं राहावं लागे. मुली बेसूर गायच्या, शब्द वाटेल तसे बदलायच्या, सासरच्या गाण्यात वर्गातल्या मास्तरणीचं नाव घुसडायच्या आणि हसून लोळायच्या. आतून चूं नाही. खिरापतीची वेळ झाली की दार बोटभर उघडायचं, डबा बाहेर यायचा, दार बंद. मग बाहेरून आरोळ्या आणि आतून फक्त "नाही" किंवा "हव".

डबा वाजू नये म्हणून शिंगाडे उकडून केळीच्या पानात घट्ट बांधायचे, अशी त्यांची लबाडी. एका वर्षी त्यांनी मुऱ्यात, म्हणजे मुरमुऱ्यांत, मुद्दाम एक खडा टाकला. मुलींनी खडखड ऐकून शेंगदाण्यापासून बत्ताशांपर्यंत सगळं सांगून पाहिलं, शेवटी हार मानली, डबा उघडला आणि खडा सापडला. त्यावर ओट्यावर न्यायनिवाडा बसला. दाराबाहेरून माझ्या भाचीनं, तेव्हा ती जेमतेम पहिलीत होती, निकाल सांगितला, "आपने चीटिंग की है. सॉरी बोलो, नहीं तो हम कल नहीं आएँगे."

आतून आवाज आला, "चुकलो. माफी द्या."

ऑफिसात सचिवांनी चुकीचा शेरा मारला तर त्याखाली आपला शेरा मारणारा हा माणूस. त्याला असं माफी मागताना मी दुसऱ्यांदा कधी ऐकलं नाही.

ही भुलाबाई मंडळाच्या डोळ्यांवर आली. अध्यक्षांना संस्कृती वाचवायची हुक्की आली होती. संस्कृती म्हटली की मंच, मंच म्हटला की नव्या रायपुरातलं सभागृह, आणि सभागृह म्हटलं की चॅनेलचा कॅमेरा. नाच बसवायला एक मॅडम आणल्या. मुलींना शिवलेल्या नऊवाऱ्या, दाबून बसवायच्या नथी, गालांना लाली, ओठांना लिपस्टिक. गाणी आधीच ध्वनिमुद्रित करून आणलेली, मुलींनी नुसते ओठ हलवायचे. मास्तरणीचं नाव अर्थात काढून टाकलं. आणि खिरापत ओळखायचीसुद्धा तालीम! आधी लाडू म्हणायचं, मग चकली, मग चिवडा, प्रत्येक वेळी सूत्रसंचालिकेनं 'नाssही' म्हणायचं, लोकांनी हसायचं, आणि मग सगळ्या मुलींनी हात वर करून शंकरपाळे. आमच्या लोकांनी काय काय वाचवायला घेतलं आणि कसं कसं मारलं याची मोजदाद करायची तर हे सगळ्यात वर घालावं. डबा हलवायची विद्या ज्यांना येते त्यांनाच डबा न हलवायला शिकवत होते, आणि एकाही आईला त्यात काही वावगं वाटलं नाही. वहिनी तर रोज संध्याकाळी गाडी काढून तालमीला न्यायची.

डबा धरायचं काम माझ्या भाचीकडे होतं. त्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. बडे बाबू माझ्या शेजारी, इस्त्रीचा सदरा घालून, हात छातीशी बांधून बसलेले. गाणी झाली. डबा आला. डब्यात खरोखरचे शंकरपाळे घातले होते, कारण शेवटी तो कॅमेऱ्यासमोर उघडायचा होता. पोरीनं डबा हातात घेतला आणि ओट्यावरच्या सवयीनं कानाशी नेला. हलवला. पुन्हा हलवला. झाकणाच्या फटीला नाक लावलं. रंगवलेल्या चेहऱ्यावर संध्याकाळभरात पहिल्यांदा तिचं स्वतःचं हसू आलं.

"शंकरपाळे! शंकरपाळे हैं!"

सूत्रसंचालिका माईकवर म्हणाली, "अरे बेटा, पहले तो गलत बोलना था ना!"

सभागृह हसलं. कॅमेरावाल्यानं हात वर केला, पुन्हा एकदा. विंगेतून मॅडम धावत आल्या, डबा तिच्या हातातून घेऊन पुन्हा तिच्याच हातात दिला आणि कानात काही सांगितलं. पोर डब्याकडे बघत राहिली. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "लेकिन इसमें शंकरपाळे हैं." पुन्हा हसू. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली आणि बडे बाबू उभे राहिले.

"त्या बरोबर बोलून राहिल्या! त्यायले काहून रागावता? डबा उघडून पाहा!"

आठ वर्षांच्या पोरीला 'त्या' म्हटलेलं ऐकून लोक आणखीच हसले. दोन कार्यकर्ते आले आणि त्यांनी बडे बाबूंना खांदे धरून खाली बसवलं. मंचावर पोरीला बाजूला करून डबा दुसरीकडे दिला. दुसरीनं खणखणीत आवाजात 'लाडू' म्हटलं, आणि टाळ्या पडल्या. मी आयुष्यात बऱ्याच खोट्या गोष्टींना टाळ्या ऐकल्या आहेत. सरकारी नोकरीत त्या रोजच्याच. पण एका मुलीनं खरं ओळखलं म्हणून तिला हटवून तिच्या जागी खोटं बोलणारी उभी करायची, आणि ते सणाच्या नावानं, हे मी तिथेच पाहिलं. मला अजून ते आठवलं की कानशिलं तापतात.

बाहेर गाड्या लावतात तिथे वहिनी पोरीचं काजळ पुसत होती आणि बोलतही होती. "इतके दिवस प्रॅक्टिस केली न तू? मंग एकदम काहून बोलली? लोक काय म्हणतीन?" पोर हुंदके देत होती, नथ एका बाजूला लोंबत होती. बडे बाबू तिच्यासमोर येऊन उभे राहिले. हात जोडावेत तसे हात पुढे घेतले होते.

"तुमचं बरोबर होतं," ते म्हणाले. "मी हे लिहिणार आहे. तुमचं बरोबर होतं, असं छापून येईल."

"बुक में?"

"बुकात."

त्यानंतर आमच्या घरी जे सुरू झालं ते वहिनीला आणि दादाला दिसत नव्हतं, की दिसत असून दिसत नव्हतं, देव जाणे. पोरीला काही विचारलं की ती आधी समोरच्याचं तोंड निरखायची. भाजी आवडली का? "क्या बोलना है?" शाळेत काय झालं? "क्या बोलूँ?" गल्लीतल्या पोरी डबा घेऊन आल्या तर म्हणायची, तुम बताओ. दादा म्हणाला, शहाणी झाली, विचारून बोलते. मी त्या दिवशी ताटावरून उठले. दादाशी भांडले, वहिनीशी भांडले, आणि त्या भांडणाचा उपयोग शून्य झाला. त्या घरात तिच्या बाजूनं आता एकच गोष्ट यायची बाकी होती, ती म्हणजे दिवाळी अंक. ती मला रोज विचारायची, "बुक आया?"

बडे बाबूंनी परिच्छेद लिहिला. बसमध्ये वाचला तेव्हा झोपेचं सोंग घेणाऱ्यांनीही माना वर केल्या. मंडळात लेख द्यायला ते मला सोबत घेऊन गेले.

"लेख एक नंबर झाला, बडे बाबू," अध्यक्ष म्हणाले. "फक्त तो शेवटचा पॅरा जरा... मॅडमले वाईट वाटन. चॅनेलवाले पण आपलेच आहेत. थोडं पॉझिटिव्ह करा ना."

"मी खोटं लिहिलं काय?"

"नाही ना भाऊ! खरं आहे म्हणूनच तर."

"मंग छापा. बाकी सारा लेख काढला तरी चालन. एवढा एक छापा."

अध्यक्षांनी कागद टेबलाच्या खणात सारले. "ठीक आहे. पाहू."

बडे बाबू समाधानानं बाहेर पडले. साहेबाच्या 'पाहू'चा अर्थ काय, हे ज्यानं अख्ख्या खात्याला शिकवलं, तो माणूस त्या दिवशी या 'पाहू'वर विसंबला. लहान मुलाला शब्द दिला म्हणजे मोठी माणसं तो पाळू देतील, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

अंक दिवाळी उलटून गेल्यावर आला. गुळगुळीत कागद, आत बडे बाबूंचा पासपोर्टचा फोटो. माईकवाला उडवलेला, बागेतली पाटी उडवलेली, कविता म्हणणारे साहेब तर अर्थातच उडवलेले. शेवटचा परिच्छेद नाही. त्याच्या जागी, त्यांच्याच नावाखाली, त्यांनी कधीही न लिहिलेलं वाक्य होतं, 'तरीही आपल्या मंडळाच्या प्रयत्नांमुळे आजची बालसंस्कृती सुरक्षित हातांत आहे, याचा मला अभिमान वाटतो.'

त्यांनी भांडण केलं नाही, राजीनामा दिला नाही. रजा टाकली आणि ऑफिसातला लाल पेन घेऊन घरोघर निघाले. तात्यापाऱ्यापासून सुरुवात. बेल वाजवायची, अंक मागायचा, उंबऱ्यात उभं राहून ते वाक्य खोडायचं आणि बाजूला सही करायची. "हे मी नाही लिहिलं," एवढंच बोलायचे. काहींनी अंक दिला, काहींनी दिला नाही. एका म्हाताऱ्यानं सांगितलं, "खोडा, पूर्ण खोडा, मी तसाही वाचत नाही." एका घरी मुलांना आत नेऊन दार लावून घेतलं. बडे बाबूंचं डोकं फिरलं, ही बातमी त्यांच्या पुढच्या घराला त्यांच्याआधी पोहोचत होती. फिरलं होतं तर बरं झालं म्हणते मी. पाऱ्यात एकाचं तरी फिरायला हवं होतं.

आमच्याकडे ते संध्याकाळी आले. दार मी उघडलं. वहिनीनं आतून डोकावून पाहिलं आणि स्वयंपाकघरात निघून गेली. भाचीनं अंक आधीच शोधून पाहिला होता. मला विचारलं नव्हतं, पण पानं तिच्याच हातानं चुरगळली होती. तीच अंक घेऊन पुढे आली. बडे बाबूंनी पान काढलं, पेनाचं टोपण काढलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा हात थांबला. घरोघर म्हणायचं वाक्य त्यांना तिच्यासमोर म्हणता येईना.

"मी लिहिलं होतं," ते म्हणाले. "तुमचं बरोबर होतं, असं. त्यायनं काढून टाकलं."

पोरीनं त्यांच्याकडे बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं काय बोलायचं ते कोणाला विचारलं नाही.

"दादाजी, आपने भी सही बता दिया था क्या?"

बडे बाबू "हव" म्हणाले आणि उंबऱ्यावरच खाली बसले.

तिनं त्यांच्या हातातून पेन घेतला. अंक जमिनीवर ठेवून गुडघ्यांवर बसली आणि ते वाक्य खोडलं. मग त्याच्या वरचं खोडलं, अध्यक्षांचा फोटो खोडला, मागच्या पानावरचा आमच्या कार्यक्रमाचा फोटो, त्यातला डबा घेतलेल्या त्या दुसऱ्या मुलीचा चेहरा, सगळं दात आवळून खोडत गेली. गुळगुळीत कागद फाटला, लाल रेघा फरशीवर उतरल्या. वहिनी ओरडत बाहेर आली. बडे बाबूंनी हात आडवा धरून तिला दारातच थांबवलं आणि म्हणाले, "मधात पडू नका. त्या लिहून राहिल्या."